गोल्ड कार्डाचे पक्षांतर

थ्रेड : नित्य विमानप्रवास करणाऱ्याने आपली निष्ठा बदलावी का, या प्रश्नाचा इतिहास.

१४ मे १९९७ रोजी पाच विमानकंपन्यांनी स्टार अलायन्स स्थापन केली : युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई एअरवेज आणि स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स, म्हणजेच एसएएस. ३१ ऑगस्ट २०२४ हा एसएएसचा तेथील शेवटचा दिवस ठरला. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, ती स्कायटीम या प्रतिस्पर्धी युतीची सदस्य झाली. युती मोडून आघाडीत जाण्याचे नवल महाराष्ट्रातील वाचकास वाटण्याचे कारण नाही. मात्र येथे प्रश्न केवळ कंपनीचा नव्हता. कोपनहेगन, ऑस्लो आणि स्टॉकहोम येथील ज्या प्रवाशांनी वर्षानुवर्षे एसएएसच्या ‘युरोबोनस’ योजनेत गोल्ड दर्जा राखला होता, त्यांना ठरवायचे होते : कंपनीमागोमाग नव्या युतीत जावे, की कंपनी सोडून जुन्या युतीतच राहावे?

हा पेच मुळात निर्माण कसा झाला, हे पाहण्यासाठी अमेरिकेत जावे लागते.

१९७८ पर्यंत अमेरिकेत देशांतर्गत विमानाचे भाडे आणि मार्ग सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडे सर्वत्र सारखेच असल्याने कंपन्या जेवण, आसने आणि आदरातिथ्य यांवर स्पर्धा करीत. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्या बाजारात उतरल्या. जुन्या कंपन्यांपुढे प्रश्न उभा राहिला : तिकीट दुसरीकडे स्वस्त मिळत असताना गिऱ्हाईक आपल्याकडे का येईल?

अमेरिकन एअरलाइन्सकडे याचे उत्तर आधीच पडून होते. ‘सेबर’ ही तिची संगणकीय आरक्षण प्रणाली १९६० च्या दशकापासून चालू होती. कोणता प्रवासी वारंवार येतो, हे त्या नोंदींतून शोधता येत होते. १ मे १९८१ रोजी कंपनीने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली. उडलेले मैल खात्यावर जमा होणार आणि पुरेसे साठले की त्यांतून फुकट तिकीट मिळणार. युनायटेडने काही दिवसांतच स्वतःची योजना जाहीर केली. बाजारपेठेतील सगळ्याच दुकानांनी एकाच आठवड्यात सेल लावावा, तसा हा प्रकार होता.

मैल आणि दर्जा यांतील फरक येथेच ध्यानी घ्यावा, कारण पुढचा सारा गुंता त्यातून येतो. मैल हे साठवलेले धन आहे. ते कधीतरी खर्च करता येते. दर्जा मात्र ठरावीक मुदतीचा असतो आणि पुन्हा पुन्हा कमवावा लागतो. लाउंजमध्ये प्रवेश, जादा सामान, रांगेत अग्रक्रम या सवलती दर्जाबरोबर येतात आणि दर्जाबरोबरच जातात. मैल साठवणारा प्रवासी थांबू शकतो. दर्जा राखणाऱ्याला सतत उडत राहावे लागते.

युतींनी या साखळीला जगभर लांबी दिली. स्टारनंतर १ फेब्रुवारी १९९९ रोजी वनवर्ल्ड कार्यरत झाली आणि २२ जून २००० रोजी स्कायटीम स्थापन झाली. आता खाते एका कंपनीत आणि उड्डाण दुसऱ्या कंपनीचे, असे सहज चालू लागले. म्युनिकहून लुफ्तान्साने उडणारा मनुष्य आपले गुण युरोबोनसमध्ये जमा करू शकत होता आणि त्यावर मिळालेले गोल्ड कार्ड सिंगापूरच्या विमानतळावर दाखवू शकत होता.

या योजनांत प्रवाशाला बांधून ठेवण्याची ताकद किती आहे, हे सर्वांत स्पष्टपणे नॉर्वेने ओळखले. २००१ मध्ये एसएएसने ब्राथेन्स ही नॉर्वेतील प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली आणि देशांतर्गत बाजार जवळजवळ एकहाती झाला. त्यावर तेथील स्पर्धा प्राधिकरणाने २००२ पासून एसएएसला देशांतर्गत उड्डाणांवर गुण देण्यास बंदी केली. त्यामागील तर्क साधा आणि अचूक होता. कामानिमित्त प्रवास करणाऱ्याचे तिकीट मालकाच्या पैशाने निघते, गुण मात्र नोकराच्या खात्यात पडतात. मग महाग तिकीट टाळण्यात नोकराला काय स्वारस्य? शिवाय ज्या नवागताकडे मोजकेच मार्ग आहेत, त्याच्या गुणांना किंमत ती किती असणार? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नॉर्वेजियन ही कंपनी देशांतर्गत मुख्य मार्गांवर उतरली. २००७ मध्ये बंदी सर्व कंपन्यांना लागू झाली आणि २०१३ मध्ये ती उठली. विमानकंपन्यांच्या जाहिराती ज्याला ‘आभार’ म्हणतात, त्याला एका राज्यसंस्थेने दशकभर स्पर्धेतील अडथळा मानले. या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल.

आता पुन्हा एसएएसकडे वळू. महामारीनंतर कर्जाने वाकलेल्या या कंपनीने जुलै २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे गुंतवणूकदार जाहीर झाले. त्यांत डेन्मार्कचे सरकार होते आणि स्कायटीमची आधारस्तंभ असलेली एअर फ्रान्स-केएलएमही होती. युती बदलणे हा त्या व्यवहाराचाच भाग होता. जुन्या भागधारकांच्या हाती काहीही उरले नाही. त्यांत स्वीडनचे सरकारही आले. गोल्ड सदस्यांना मात्र अलगद उचलून स्कायटीमच्या ‘एलिट प्लस’ या सर्वोच्च दर्जात बसवण्यात आले.

भागधारक बुडाले आणि कार्डधारक तरले, यात विसंगती वाटेल. पण ती केवळ वरवरची आहे. नित्य प्रवाशांची यादी हीच कंपनीची खरी मालमत्ता, हे महामारीच्या काळात उघड झाले होते. विमाने जमिनीवर उभी असताना, २०२० मध्ये युनायटेडने आपली मैलयोजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले आणि डेल्टाने ९०० कोटी. अशी मालमत्ता एसएएसचे नवे मालक वाऱ्यावर कशी सोडतील? ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोबोनसने आणखी एक आमिष पुढे केले : वर्ष संपण्यापूर्वी स्कायटीमच्या १५ कंपन्यांनी उडून दाखवा आणि १० लाख गुण मिळवा. लोक खरोखरच जग पालथे घालीत निघाले. नव्या घरी आलेल्या सुनेची नातेवाइकांशी ओळख करून देण्याची ही रीत जरा खर्चिकच म्हणायची.

मग प्रवाशाने काय करणे शहाणपणाचे होते? कोपनहेगनला राहून बहुतांश उड्डाणे एसएएसनेच करणाऱ्याला हलण्याचे कारण नव्हते. त्याचा विमानतळ तोच, कंपनी तीच. फक्त लांबच्या प्रवासात फ्रँकफर्टऐवजी पॅरिस किंवा अ‍ॅमस्टरडॅमला विमान बदलायचे. ज्याची कामे जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमार्गे चालत, त्याने मात्र स्टारमध्येच राहून दुसऱ्या सदस्य कंपनीत खाते उघडणे बरे. स्कँडिनेव्हियाबाहेर राहून केवळ सोयीसाठी युरोबोनसमध्ये गुण साठवणाऱ्यांचा तर पायाच निखळला. त्यांची रोजची विमाने स्टारमध्ये राहिली आणि खाते स्कायटीममध्ये गेले. अशा वेळी काही कंपन्या ‘स्टेटस मॅच’ देतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे कार्ड दाखवा आणि समकक्ष दर्जा घ्या. पण तो बहुधा काही महिन्यांपुरता असतो आणि टिकवायचा तर पुन्हा उडावे लागते. निर्णय पुढील वर्षाच्या प्रवासावर घ्यायचा असतो. गेल्या दहा वर्षांत किती उडलो याची बेरीज येथे उपयोगी पडत नाही. तरीही बहुतेक जण तीच बेरीज मांडून बसतात आणि कंपन्यांचा सारा भरवसा त्यावरच असतो.

भारतीय प्रवाशाला असा पर्याय फार उशिरा मिळाला. एअर इंडियाला स्टारचे निमंत्रण २००७ मध्ये आले, २०११ मध्ये प्रक्रिया स्थगित झाली आणि प्रत्यक्ष प्रवेश ११ जुलै २०१४ रोजी झाला. किंगफिशर फेब्रुवारी २०१२ मध्ये वनवर्ल्डच्या उंबरठ्यावरून मागे फिरली. मुंबईची जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडेपर्यंत कोणत्याही युतीत गेली नाही. विस्ताराही युतीबाहेरच होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराच्या सदस्यांची खाती एअर इंडियाच्या योजनेत वळवण्यात आली. उत्तर युरोपातील गोल्ड सदस्य स्टारमधून बाहेर पडून अडीच महिनेही झाले नव्हते, तोच मुंबई-दिल्ली करणारे विस्ताराचे गोल्ड सदस्य, स्वतः काहीही न ठरवता, स्टारच्या लाउंजचे हक्कदार झाले.