कोच गेला, मग क्लबही गेला

पुण्याच्या व्यावसायिक फुटबॉलचं आयुष्य जेमतेम बारा वर्षांचं. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी सुरू केला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटीनं गाशा गुंडाळला. या एका तपात शहरानं चार मोठे क्लब पाहिले, डझनभर कोच पाहिले आणि ‘हा कोच ठेवावा की घालवावा’ यावर मनसोक्त वाद घातला. वाद संपायच्या आत बहुतेक वेळा कोच गेलेला असे. शेवटी तर क्लबच गेला.

हा वाद घालायचा तर आधी मैदानापर्यंत पोचायला हवं, आणि बिबवेवाडीकरांसाठी तेच मोठं काम होतं. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल शहराच्या वायव्य टोकाला, बिबवेवाडी दक्षिणेला, आणि मधे सगळं पुणं. सामना रात्री आठचा असला तरी अप्पर इंदिरानगरमधून सहाच्या आत निघालेलं बरं. एक रस्ता स्वारगेटवरून भर शहरातून जाणारा, दुसरा कात्रजला चढून बायपासनं वारजे आणि चांदणी चौक गाठणारा. चांदणी चौकातला जुना पूल तेव्हा उभा होता (तो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला) आणि तिथली कोंडी पुणेकरांना तोंडपाठ होती. एवढं करून गॅलरीत बसावं, तर प्रेक्षक आणि खेळाडू यांच्या मधे धावपटूंचा ट्रॅक! १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं हे संकुल. निव्वळ फुटबॉलसाठी ते कधी नव्हतंच. कोच रेषेपाशी हातवारे करताना दिसायचा, पण काय ओरडतोय ते कळायचं नाही. मग रात्री दहानंतर बायपासवरून परतताना दुचाकीवर मागे बसलेला चालवणाऱ्याच्या कानात कोचचा सगळा हिशेब मांडायचा: बदली खेळाडू उशिरा उतरवला, बचावात उगाच एक माणूस वाढवला, ह्याला घरी पाठवा.

पुण्यात फुटबॉल आला तो लष्कराबरोबर. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपवर सुरुवातीची वर्षं ब्रिटिश पलटणींचंच राज्य होतं. पुण्यातही कॅम्प आणि खडकी या छावण्यांच्या भागांत खेळ रुजला. पेठा आणि दक्षिणेकडची उपनगरं क्रिकेट, कबड्डी, खो-खोची. तिथे फुटबॉलचं वेड पसरलं ते केबल टीव्हीवरच्या इंग्लिश सामन्यांनी आणि शिकायला आलेल्या बाहेरगावच्या मुलांनी. बिबवेवाडीत विश्वकर्मा इन्स्टिट्यूटसारखं मोठं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत केरळ, बंगाल, ईशान्य भारतातून आलेली पोरं असतात, आणि त्यांच्या घरी फुटबॉल जेवणाच्या ताटाबरोबर चर्चेला येतो. पुण्याच्या गॅलरीत जुनं कॅम्प-खडकी आणि हे नवं पुणं पहिल्यांदा शेजारी बसलं.

पुणे एफसी हा या गॅलरीचा पहिला क्लब. आय-लीगमधल्या पदार्पणाच्या हंगामात, २००९-१० मध्ये, तो तिसरा आला. डेरिक परेरा यांच्या हाताखाली २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ त्यानं दुसरा क्रमांक मिळवला. पुण्याच्या संघानं देशाच्या अव्वल स्पर्धेत मिळवलेलं हे सर्वोच्च स्थान. परेरा मूळचे गोव्याचे, आणि महिंद्र युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिलेले. अशा माणसाला दोन-तीन वर्षं आणखी मिळायला हवी होती. पण तो हंगाम संपला आणि ते गोव्याच्या साळगावकर क्लबकडे गेले. पुण्यात डच कोच माइक स्नूय आले आणि त्यांच्यानंतर वर्षभरातच करीम बेंचेरिफा. २०१४ च्या ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात पुणे एफसीसमोर साळगावकर उभा राहिला आणि चषक घेऊन गेला. साळगावकरच्या बाकावर परेराच होते.

गोव्यात याच काळात उलट उदाहरण डोळ्यांसमोर होतं. देम्पोनं आर्मांडो कुलासो यांना दशकाहून जास्त काळ ठेवलं आणि त्यांनी क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. मधली काही वर्षं रिकामी गेली, पण म्हणून कुणी त्यांना नारळ दिला नाही.

पुण्यात मात्र २०१४ नंतर सगळंच वेगात घडू लागलं. इंडियन सुपर लीग आली आणि वाधवान समूहाचा, हृतिक रोशनचा चेहरा लाभलेला एफसी पुणे सिटी बालेवाडीत उतरला. कल्याणी समूहानं भारत एफसी काढला. तो आय-लीगचा एकच हंगाम खेळून २०१५ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी पुणे एफसीही थांबला. त्यांच्यानंतर डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये आला, लिव्हरपूलशी करार करून अकादमी चालवली, परेरांना परत पुण्यात आणलं, मग डेव्ह रॉजर्सना नेमलं आणि २०१७ मध्ये तोही दिसेनासा झाला. २०१५ च्या पहिल्या सहामाहीत शहरात अव्वल दर्जाचे तीन क्लब नांदत होते. दोन वर्षांत उरला एक.

त्या उरलेल्या क्लबच्या कोचांची यादी वाचली की दम लागतो. २०१४ मध्ये फिओरेंतिनाशी असलेल्या संबंधांतून इटलीचे फ्रँको कोलोंबा आले. संघात विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे होता, क्रमांक आठांत सहावा. २०१५ मध्ये इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट; मुतू, तुंजाय असे नावाजलेले खेळाडू, क्रमांक सातवा. २०१६ मध्ये अँटोनिओ हबास, ज्यांनी कोलकात्याला पहिली सुपर लीग जिंकून दिली होती. पुण्यात क्रमांक पुन्हा सहावा. कोचचा करार म्हणजे पुण्यातला अकरा महिन्यांचा भाडेकरार झाला होता: सामान लावून होईतो सोडायची तारीख यायची. हबास यांना दुसऱ्या हंगामासाठी ठेवलं, तेही हंगाम उजाडण्याआधीच, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बाहेर पडले.

त्यांच्या जागी सर्बियाचे रँको पोपोविच आले, आणि पुण्यातला कोचचा खरा वाद त्यांच्यावरून रंगण्यासारखा होता. ते आले तेव्हा जुलैमधला खेळाडूंचा ड्राफ्ट होऊन गेलेला होता. म्हणजे संघ दुसऱ्यांनी निवडलेला, खेळवायचा यांनी. तरीही त्यांनी मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी अशी जुळवली की बचावपटूंची भंबेरी उडावी. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन डाव्या बाजूनं सुसाट पळू लागला. त्यांनी त्याला आणि साहिल पनवारसारख्या पोरांना नुसतं बाकावर बसवून ठेवलं नाही. संघ चौथा आला आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला.

‘घालवा’ म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूकडेही दारूगोळा होता. पंचांवर जाहीर टीका केल्यामुळे पोपोविच यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि ऐन हंगामात त्यांना सामन्यांपासून दूर राहावं लागलं. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बेंगळुरूविरुद्धचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला. घरच्या मैदानावर आघाडी घ्यायची संधी गेली. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल केले, जोनाथन लुकाची फ्री किक तेवढी पुण्याच्या खात्यात पडली आणि ३-१ नं स्वप्न संपलं. कोच आक्रमक आहे म्हणून आवडणारे एकीकडे, कोच तापट आहे म्हणून वैतागणारे दुसरीकडे. खरं तर दोघंही एकाच माणसाच्या एकाच स्वभावाबद्दल बोलत होते.

हा वाद कुठवर जाऊ शकतो हे त्याच सुमाराला लंडननं जगाला दाखवलं. आर्सेनलचे आर्सेन वेंगर १९९६ पासून एकाच खुर्चीत होते. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर सामना चालू असताना आकाशातून एक विमान फलक घेऊन गेलं: करार वाढवू नका. थोड्या वेळानं दुसरं विमान आलं, त्यावर वेंगरवरच्या विश्वासाची ग्वाही. दोन्हींचा खर्च चाहत्यांच्या खिशातून. वर्षभरानं, २०१८ मध्ये, २२ वर्षांची कारकीर्द संपवून वेंगर गेले. पुण्यातले आर्सेनलवाले त्या वेळी रात्र-रात्र भांडत होते, आणि त्यांना भांडायला २२ वर्षांचा पुरावा होता. पोपोविचबद्दल भांडायला पुणेकरांकडे होता एक हंगाम.

दुसरा मिळालाच नाही. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा बाकावर मिगेल आंखेल पोर्तुगाल होते, आदल्या हंगामात दिल्ली डायनामोजला सांभाळलेले. तीन सामने, एक गुण, आणि ऑक्टोबर संपायच्या आत तेही गेले. प्रद्युम्न रेड्डी यांनी काही आठवडे गाडा ओढला. डिसेंबरमध्ये फिल ब्राउन आले. हल सिटीला २००८ मध्ये इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये नेणारे आणि त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये मध्यंतराला सगळा संघ मैदानातच बसवून झापणारे हेच ते ब्राउन. त्यांनी घसरण थांबवली, संघ सातवा आला. आता तरी हा कोच ठेवा, असं म्हणायला जागा झाली होती.

कोच राहिला. क्लब राहिला नाही. आर्थिक अडचणीत सापडलेला एफसी पुणे सिटी २०१९ च्या उन्हाळ्यानंतर उभा राहू शकला नाही आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबनं घेतली. ब्राउन तिकडे गेले, मार्सेलिन्योही गेला. ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवणारे चाहते इथेच राहिले.

हैदराबादची पुढची गोष्ट पुण्यानं नीट वाचावी अशी आहे. पहिल्या हंगामात संघ तळाला गेला, ब्राउन मधेच दूर झाले. मग स्पेनचे मानोलो मार्केझ आले. पहिल्या वर्षी ते बाद फेरीपर्यंत पोचले नाहीत, पाचवे आले. पुण्यात असते तर एव्हाना सामान बांधून झालं असतं. हैदराबादनं त्यांना ठेवलं, आणि २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून क्लबनं लीगचा चषक उचलला. अर्थात कोच टिकला म्हणून क्लब टिकतोच असंही नाही. पुढे हैदराबादचीही पैशांची घडी विस्कटली आणि २०२५ मध्ये तो क्लब नाव बदलून दिल्लीला हलला. मालकाच्या खिशावर चालणाऱ्या क्लबमध्ये मालकाचा खिसा हाच शेवटचा कोच असतो.

महाराष्ट्रात याला पर्याय आहे, आणि तो पुण्यापासून चार तासांवर आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, फुलेवाडी हे संघ तालमींचे आणि पेठांचे. शाहू स्टेडियमवर संघ सामना हरला की कुणाला खेळवायला हवं होतं यावर पेठेत रात्री उशिरापर्यंत खडाजंगी होते. पण पाटाकडील तालीम उद्या हैदराबादला निघून जाईल ही भीती तिथे कुणाला नाही. त्या मातीतला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापूरकडे संघ आहेत आणि पैसा कमी. पुण्याकडे पैसा आला, अकादम्या आल्या, नावाजलेले कोच आले, पण संघ कुणाचे हे कधी ठरलंच नाही.

आज पुण्याचा एकही क्लब सुपर लीगमध्ये नाही. बिबवेवाडी, कोंढवा, कात्रज भागात तासावर भाड्यानं मिळणारी कृत्रिम हिरवळीची मैदानं रात्री उशिरापर्यंत उजेडात असतात, आणि जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये स्थानिक क्लब खेळतात. पुढच्या खेपेला कुणी उद्योगपती क्लब घेऊन आला, तर पुणेकरांनी कोचच्या नावावरून भांडण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: मैदान किती वर्षांसाठी घेतलं आहे, अकादमीचा खर्च कोण करणार, आणि क्लबच्या कारभारात चाहत्यांचा माणूस बसणार का. याची उत्तरं मिळाली की कोच ठेवावा की घालवावा यावर खुशाल वीस वर्षं भांडावं. आणि तोवर फुटबॉल पाहायचा असेल, तर जिल्हा लीगच्या एखाद्या सामन्याला जाऊन बसावं.