टपाल वाटणारा प्रोग्राम आणि त्याची डागडुजी

श्रीगोंद्यात बोलायला उभं राहायचं आणि सुरुवात शेख महंमदांपासून करायची नाही, हे काही आम्हाला जमणार नाही. त्यांचा ‘योगसंग्राम’ आज आपल्याला वाचायला मिळतो, कारण कुणीतरी तो पुन्हा पुन्हा उतरवून घेतला. मूळ लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, उतरवून घेणाऱ्यांची नावं सहसा कुणाला ठाऊक नसतात. आजचा विषय या दुसऱ्या माणसाचा आहे. फक्त पोथीच्या जागी कॉम्प्युटरचा एक छोटासा प्रोग्राम आहे, आणि काळ १९८४ पासून पुढचा आहे.

समोर कॉलेजची बरीच मुलं दिसतायत, म्हणून आधी बुलेटिन बोर्ड म्हणजे काय ते सांगतो. इंटरनेट घरात यायच्या आधीची गोष्ट. एखादा हौशी माणूस आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला मॉडेम लावायचा, मॉडेमला टेलिफोनची तार जोडायचा आणि कॉम्प्युटर चालू ठेवायचा. दुसऱ्याने आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावायचा, आलेले निरोप वाचायचे, आपले ठेवायचे आणि फोन ठेवून द्यायचा. लाइन एकच असेल तर एका वेळी एकच माणूस. गावच्या चावडीवरचा फळाच म्हणा ना, फक्त त्याच्यापाशी एका वेळी एकानेच उभं राहायचं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. अतुल चिटणीस जन्मले बर्लिनला, इंजिनीअरिंग शिकले बेळगावात. बंगळुरात त्यांनी १९८९ साली ‘सिक्स’ नावाचा बोर्ड सुरू केला. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकात ते मॉडेम आणि संपर्क या विषयावर सदर लिहायचे, आणि १९९६ साली त्या मासिकासोबत लिनक्सची सीडी वाचकांच्या घरी पोहोचली त्यामागेही तेच होते. २०१३ साली ते गेले. मुंबईत ‘लाइव्ह वायर’ नावाचा बोर्ड होता. हे सगळं हौसेचं काम होतं, फोनचं बिल ज्याचं त्याने भरायचं. श्रीगोंद्याहून मुंबईच्या बोर्डाला फोन लावायचा म्हणजे एसटीडी. रात्री ११ नंतर पाव दर लागायचा, हे इथल्या मोठ्या माणसांना चांगलं आठवत असेल. एसटीडी बूथवर तेव्हाच रांग लागायची.

आता खरी अडचण बघा. मुंबईच्या बोर्डावरचा माणूस अमेरिकेतल्या बोर्डावरच्या माणसाला पत्र कसं पाठवणार? यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्स यांनी १९८४ साली तोड काढली. रात्री, फोन स्वस्त असताना, एका बोर्डाच्या कॉम्प्युटरने दुसऱ्या बोर्डाला आपणहून फोन लावायचा आणि साठलेली पत्रं देऊन टाकायची. याचं नाव फिडोनेट. जगाचे झोन पाडले, आशियाचा झोन सहावा. प्रत्येक झोनला टपालाचा एक तास ठरलेला. सहाव्या झोनचा तास आपल्या घड्याळात रात्री दीड ते अडीच. त्या तासात सगळ्यांनी लाइन टपालासाठी मोकळी ठेवायची. १९९० च्या दशकाच्या मध्यावर या जाळ्यात पस्तीस हजारांच्या वर बोर्ड होते, आणि त्याला मालक असा कुणीच नव्हता.

पत्रं आली, पण ती एका गठ्ठ्यात आली. गठ्ठा फोडून कुठलं पत्र कुठल्या खणात टाकायचं, कुठलं पुढच्या बोर्डाकडे पाठवायचं, हे कोण करणार? त्यासाठी एक वेगळा प्रोग्राम असायचा. इंग्रजीत त्याला टॉसर म्हणत, म्हणजे भिरकावणारा. दौंड-मनमाड मार्गावर श्रीगोंदा रोड स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्या आपण लहानपणापासून बघतोय. रेल्वेच्या टपाल डब्यात सॉर्टर खणांसमोर उभं राहून चालत्या गाडीत पत्रं वाटायचे, तेच काम हा प्रोग्राम करायचा.

त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागत. पहिली वजनाची. २४०० गतीच्या मॉडेमवरून सेकंदाला साधारण २४० अक्षरं जातात. म्हणजे १०० किलोबाइटच्या गठ्ठ्याला सात मिनिटं. एसटीडीची सात मिनिटं! म्हणून गठ्ठा आधी दाबून लहान करायचा आणि मगच पाठवायचा. दुसरी गोष्ट दुबार पत्रांची. तेच पत्र दोन वाटांनी आलं तर? म्हणून सार्वजनिक चर्चेच्या प्रत्येक पत्राखाली ते कुठल्या कुठल्या बोर्डांनी पाहिलंय याची यादी जोडलेली असायची. यादीत ज्याचं नाव आहे त्याला ते पुन्हा द्यायचं नाही. ही तपासणी चुकली की पत्रं गोल गोल फिरत राहायची, आणि बिल कुणाच्या तरी घरी यायचं.

आता मुद्द्यावर येतो. हा प्रोग्राम एकदा लिहिला आणि संपलं, असं का होत नाही? आम्हाला हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. प्रोग्राम काही गंजत नाही, मग त्याची डागडुजी कसली? याला तीन उदाहरणं देतो.

पहिलं, यंत्र बदललं. त्या काळात अनेक हौशी लोक टर्बो पास्कलमध्ये प्रोग्राम लिहायचे. त्याच्या एका तयार भागात, प्रोग्राम सुरू होतानाच, यंत्र किती वेगवान आहे याचं माप घेतलं जायचं. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामा फेरा किती वेळा होतो ते मोजायचं आणि ५५ ने भागायचं. भागाकार ६५,५३५ च्या आत बसला पाहिजे, एवढीच जागा होती. लिहिणाऱ्याला वाटलं, ही जागा पुरेल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात २०० मेगाहर्ट्झच्या आसपासची आणि त्यापुढची यंत्रं आली आणि भागाकार मावेना. प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बंद. म्हणजे प्रोग्रामचं एक अक्षरही बदललेलं नाही, आणि नवा, भारी कॉम्प्युटर घेतला म्हणून टपाल बंद! ज्यांचे लेखक हाताशी होते ते प्रोग्राम दुरुस्त झाले. ज्यांचे नव्हते, तिथे दुसऱ्यांनी तयार प्रोग्रामच्या पोटात हात घालून ठिगळं लावली.

दुसरं, काळ बदलला. फिडोनेटच्या पत्रात तारखेसाठी २० जागा ठरलेल्या होत्या, आणि वर्षाला त्यातल्या दोनच. ८६, ९४, ९९ असं. २००० आलं तेव्हा काही प्रोग्राम १९०० पासूनची वर्षं मोजून लिहिणारे होते, त्यांचं उत्तर १०० आलं. दोन जागांत तीन अंक! मग पुढचं सगळं एका जागेने सरकणार आणि घेणाऱ्याच्या नावात तारखेचं शेपूट शिरणार. पत्ताच बिघडला तर पत्र कुठे जाणार?

तिसरं उदाहरण भाषेचं, आणि आपल्याला जास्त जवळचं. फिडोनेटच्या मूळ नियमात एक सांकेतिक क्रमांक, १४१, ‘ओळ मोडायची खूण’ म्हणून राखलेला होता आणि तो दिसला तर प्रोग्रामने दुर्लक्ष करायचं होतं. इंग्रजीला त्याचा काही त्रास नव्हता. पण रशियन लोकांच्या प्रचलित अक्षरसंचात नेमका हाच क्रमांक त्यांच्या मोठ्या ‘न’ला होता. झालं, रशियन पत्रांतून ‘न’ गायब व्हायला लागला. लोकांनी काय करावं? तसाच दिसणारा रोमन ‘एच’ वापरायचा! पण रशियन मंडळी मोठ्या संख्येने फिडोनेटवर होती आणि त्यांच्यात प्रोग्राम दुरुस्त करणारे होते. त्यांनी आपल्या भाषेपुरती साधनं सुधारून घेतली.

मराठीचं काय झालं? भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली आलं. त्यात आपली अक्षरं १६१ पासून पुढे आहेत, म्हणजे त्या १४१ च्या तडाख्यातून आपण आपोआप वाचलो असतो. पण देवनागरी दिसायला पलीकडच्याकडे पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड किंवा तसं काही लागायचं. ते सगळ्यांकडे कुठून असणार? म्हणून आपले लोक रोमनमध्ये मराठी लिहीत राहिले, आणि अजूनही मोबाइलवर लिहितात. आमचं म्हणणं एवढंच आहे की साधन आपल्या भाषेत आपोआप चालत नाही. चालवणारा माणूस लागतो, आणि तो त्या भाषेचा असावा लागतो.

मग प्रश्न येतो हक्काचा. लेखक कंटाळला, नोकरीला लागला, वारला, तर पुढे कोण? स्क्विश नावाचा टॉसर कॅनडाच्या स्कॉट डडली यांनी लिहिला होता आणि तो जगभर वापरात होता. २००२ साली त्याचा मूळ मजकूर खुला झाला. गोल्डएड हा पत्रं वाचायचा-लिहायचा प्रोग्रामही त्याच्या लेखकाने खुला केला आणि इतरांनी तो पुढे नेला. हस्की नावाच्या प्रकल्पातला टॉसर तर खुलाच ठेवून अनेकांनी मिळून सांभाळला, आणि तो लिनक्सवर चालतो. ज्यांचा मजकूर कुलपात राहिला असे बरेच प्रोग्राम यंत्राबरोबर संपले.

हे आपल्याला नवीन नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हा मूळ ग्रंथ होऊन जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती आणि उतरवताना पाठ बिघडले होते. त्यांनी ते जुळवले आणि वर ताकीद दिली, की यात कुणी आपली ओवी घालू नये. स्वतः एवढा मोठा कवी, पण इथे त्यांनी कवी व्हायचं नाकारलं. डागडुजी करणाऱ्याची शिस्त ती हीच. प्रोग्रामबाबत फरक इतकाच की यंत्र बदलतं, त्यामुळे इथे मजकूर बदलल्याशिवाय काम जपताच येत नाही.

आपल्याकडच्या बोर्डांचं पुढे काय झालं? १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने अशा सेवांना वर्षाला किमान १५ लाख रुपये परवाना शुल्क लावायचं ठरवलं. घरून फुकट बोर्ड चालवणाऱ्याने १५ लाख कुठून आणायचे? त्याविरुद्ध हौशी लोक एकत्र आले, भांडले. तेवढ्यात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं आणि हळूहळू बोर्डांची गरजच सरली. २००७ साली आशियाचा सहावा झोन बंद करून उरलेले बोर्ड तिसऱ्या झोनला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या झोनला जोडले गेले. फिडोनेट जगात अजून थोडं चालतं, आणि ते चालतं कारण कुणीतरी अजूनही तो टॉसर दुरुस्त करतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आमच्या माहितीतल्या एका पतसंस्थेत फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम होता. लिहिणारा मुलगा शहरात निघून गेला. जुना कॉम्प्युटर बिघडला, नव्यावर तो प्रोग्राम चालेना, आणि मूळ मजकूर कुणी मागूनच घेतला नव्हता. ठेवीदारांचा कित्येक वर्षांचा हिशेब डोळ्यांसमोर होता, पण उघडता येईना. शेवटी छापील खतावणीवरून सगळं पुन्हा भरावं लागलं. महिने गेले, आणि तेवढा काळ म्हातारी माणसं आपलेच पैसे मागायला खेटे घालत होती.

तेव्हा इथे बसलेल्या मुलांना आमचं सांगणं आहे, नवीन प्रोग्राम जरूर लिहा. पण निदान एक तरी जुना, दुसऱ्याने लिहिलेला, कुणाच्या तरी कामाचा प्रोग्राम हातात घ्या आणि चालता ठेवा. आणि इथे सोसायटीचे, पतसंस्थेचे, ग्रंथालयाचे जे पदाधिकारी आहेत त्यांनी उद्या सकाळी फक्त एक विचारावं: आपल्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कुणाकडे आहे, आणि तो माणूस नसला तर कोण बघणार? उत्तर मिळालं नाही, तर समजा की काम आजच सुरू करायला हवं.