तेहतीस फुटी साखळी

मराठी मुलखात जमिनीचे माप पूर्वी माणसाच्या देहावरून ठरत असे. पाच हात व पाच मुठी मिळून एक काठी, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. पण हात कोणाचा? उंच मनुष्याची काठी लांब भरे, ठेंगण्याची आखूड. आणि सारा तर बिघ्यावर बसे! म्हणूनच शिवकालात काठीचे प्रमाण बांधून द्यावे लागले.

इंग्रजी अमदानीत काठी मागे पडून साखळी आली. लंडनमधील साउथवर्क येथे अँग्लिकन धर्मगुरू असलेल्या एडमंड गुंटर यांनी १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी प्रचारात आणली होती. (प्रवचनाखेरीज गणितही करणारे धर्मगुरू तेव्हा दुर्मीळ नव्हते.) दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होई. मुंबई इलाख्यातील साखळी हिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची. मात्र तिचे भाग सोळा, आणि त्यांना नाव रुपयाच्या हिशेबातले: आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. दशांश न शिकलेल्या कुणब्यालाही हे गणित तोंडी करता येई. योजना शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद असा १,०८९ चौरस फुटांचा तुकडा म्हणजे गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली आणि सातबाऱ्यावर हेक्टर व आर दिसू लागले. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. दहा मीटरांहून जेमतेम सहा सेंटिमीटर अधिक! एवढ्याशा फरकामुळेच आम्ही सारे 'आर म्हणजे गुंठाच' असे सर्रास बोलतो. परंतु आर भरतो १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. वाडवडिलांचा एक एकर चार भावांत वाटताना कोणी गुंठ्याला आर धरून ४० आर लिहिले, तर सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशेहून अधिक चौरस फूट जमीन कागदावरून नाहीशी होते. तेवढ्यात एका कुटुंबाचे घर उभे राहते. वाटपाचे तंटे घेऊन जी कुटुंबे आम्हां धर्मगुरूंच्या दाराशी येतात, त्यांना आम्ही प्रथम एवढेच विचारतो: जुन्या कागदावर गुंठे आहेत की आर? एका एकराचे खरे रूपांतर ४०.४७ आर असे होते. वाटणीपत्रात ते दशांशासह लिहावे.