खाडीचा जिताडा, तळ्याचा जिताडा

सुरतेचा इतिहास सांगावयाचा म्हटले की वखारी, गलबते, हुंड्या आणि शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० मधील स्वाऱ्या यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या पाण्यामुळे सुरत मोठी झाली त्या पाण्याचाही एक इतिहास आहे. त्याची नोंद कोणत्याही वखारीच्या खातेवहीत सापडावयाची नाही. तो माशांचा आणि मासे धरणाऱ्यांचा इतिहास होय. तापी मुलताईजवळ उगम पावते. बऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशे ही गावे मागे टाकीत सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून ती डुमसजवळ खंबायतच्या आखाताला मिळते. सुरतेच्या मागांवर राबणाऱ्या हजारो खानदेशी कुटुंबांना या नदीचे वरचे अंग ठाऊक असते. तिच्या मुखाशी मात्र समुद्र दिवसातून दोनदा आत येतो व दोनदा परततो. या गोड्या-खाऱ्या सीमेवर जे जीव नांदतात त्यांत जिताडा हा मानाचा मासा आहे.

रायगडात ज्याला जिताडा म्हणतात त्यालाच रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे खजुरा, गोव्यात चोणक आणि बंगालमध्ये भेटकी म्हणतात. ऑस्ट्रेलियात तो बारामुंडी या नावाने प्रसिद्ध आहे. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर तो आढळतो. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख याने १७९० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले व त्याला ‘कॅल्कॅरिफर’, म्हणजे ‘टाच-काटा धारण करणारा’, असे नाव दिले. ते नाव सार्थ आहे, कारण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला तीक्ष्ण काटे असतात आणि ओला मासा निष्काळजीपणे उचलणाऱ्याचा हात ते फाडतात. पाठीवर उतरती होत गेलेली चपटी मान, रुंद जबडा, रुपेरी खवले आणि अंधारात चकाकणारे डोळे ही त्याची लक्षणे होत. भक्ष्याला तो चावत नाही. तोंड एकाएकी उघडून तो पाण्यासकट त्याला आत ओढून घेतो. इंग्रजीत त्याला आशियाई समुद्र-बास म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील दलदलींत व तळ्यांत शौकीन लोक ज्या काळ्या बासच्या मागे लागतात, त्याच्याशी याचे नाते दूरचे आहे. परंतु दबा धरून बसण्याची रीत, उष्ण व संथ पाण्याची आवड आणि गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी मारण्याची खोड या बाबतींत दोघे भाऊ शोभतात.

जिताड्याचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. त्याची अंडी खाऱ्या पाण्यातच, नदीच्या मुखाशी पडतात. पावसाळ्याच्या भरतीबरोबर पिले खाडीत, ओढ्यांत, शेताच्या चरांत आणि जमेल तेथे गोड्या पाण्यातही शिरतात. तेथे ती झपाट्याने वाढतात. वयात आलेला जिताडा पुन्हा समुद्राकडे परततो. आरंभी तो नर असतो आणि पुढे, सहा-सात वर्षांचा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतील अजस्र जिताडे जवळजवळ सर्व माद्याच असतात. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या कथेचा गाभा तिच्यातच आहे.

सुरतेत मासे धरणे आणि न धरणे या दोन्हींची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी मलिक गोपी नावाच्या धनाढ्य ब्राह्मण अधिकाऱ्याने शहरात एक प्रचंड तलाव बांधविला. तोच गोपी तलाव होय. १६२३ मध्ये आलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने तो पाहून त्याचे वर्णन केले आहे. अनेक कोनांचा, दगडी पायऱ्यांनी वेढलेला असा तो जलाशय पुढे आटला आणि कित्येक पिढ्या नुसता नावाने उरला. २०१५ च्या सुमारास महापालिकेने त्याचा जीर्णोद्धार केला. सुरतेतील वाणी आणि जैन समाज प्राणिहिंसेला पाप मानणारा. १६८९ मध्ये सुरतेस असलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने १६९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात येथील प्राण्यांच्या इस्पितळाची हकिगत दिली आहे. नगराच्या आत जीवदयेची अशी भावना होती, तर नगराबाहेर, ज्या सुवाळीच्या बाऱ्यात १६१२ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज गलबतांची लढाई झाली त्या किनाऱ्यावर, कोळी, माछी आणि खलाशी यांची उपजीविका जाळ्यावर चालली होती. एकाच नदीच्या काठी दोन धर्मबुद्धी शेजारी नांदल्या, आणि दोघींनाही पाणी जिवंत राहणे अवश्य होते.

गळाने मासा धरणे हे आपल्याकडे पोटाचे काम. कोकणात त्याला ‘गरवणे’ म्हणतात आणि गळाला ‘गरी’. ओहोटी लागली की खाडीचे पाणी बांधाच्या तोंडाशी वेगाने बाहेर पडते व त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते. जिताडा त्या धारेच्या कडेला, खांबाच्या वा खडकाच्या आडोशाला तोंड करून उभा असतो. जाणता गरवणारा जिवंत कोळंबी किंवा लहान बोय गरीला लावून तेथेच सोडतो आणि स्वस्थ बसतो. यासाठी लागणारे ज्ञान पुस्तकी नसते. तिथी कोणती, उधाण केव्हा, पाणी गढूळ की निवळ, वारा कोठून, हे त्याला अंगवळणी पडलेले असते.

या कामाला खेळाचे आणि ग्रंथाचे रूप दिले ते इंग्रज अमलात. मद्रास प्रांतातील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळुरास छापविले आणि १८८७ मध्ये तळ्यांतील मासेमारीवर ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे दुसरे पुस्तक लिहिले. याच सुमारास फ्रान्सिस डे या लष्करी वैद्याने हिंदुस्थानातील माशांची पद्धतशीर पाहणी केली. त्याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात बाहेर पडला. हे दोघेही निव्वळ शौकीन नव्हते. नद्यांवरील बंधाऱ्यांनी माशांची वाट अडते आणि बारीक जाळ्यांनी पिलांचा संहार होतो, हे त्यांनी सरकारच्या कानी घातले. या विचारमंथनातूनच पुढे १८९७ चा मत्स्य कायदा आला आणि सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारण्यास त्याने बंदी केली. साहेबाची बांबूची काठी आणि कोळ्याची गरी यांत अंतर पुष्कळ होते. परंतु नदी रिकामी होत चालली आहे, ही गोष्ट दोघांनाही दिसत होती.

जिताड्याला तळ्यात नेऊन वाढविण्याची विद्या मात्र साहेबाची नव्हे. ती अलिबाग-पेणच्या खारेपाटातील शेतकऱ्यांची. तेथील भूमी समुद्राला बांध घालून मिळविलेली. बाहेरचा बांध राखणे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडणे आणि भरतीचे पाणी रोखणे, यावर साऱ्या गावाचे भात अवलंबून असे. शिलोत्री जमिनींची जुनी व्यवस्था या बांधांच्या देखभालीसाठीच होती आणि १९४८ मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींचा स्वतंत्र कायदा केला तोही याचसाठी. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला, तो याच खारेपाटात. अशा मुलखात चहूकडे खारे पाणी, म्हणून गावोगाव, घरोघर पावसाचे पाणी साठविणारी तळी खणलेली. शेतकऱ्यांनी पावसाळ्यात चरांतून व खाडीकाठच्या डबक्यांतून जिताड्याची पिले वेचून या तळ्यांत सोडावयास आरंभ केला. खाऱ्या पाण्यातील पिलू एकदम गोड्या पाण्यात टाकले तर ते दगावते, म्हणून पाणी हळूहळू पालटावे लागते. पिलांत लहानमोठी एकत्र राहिली तर मोठे लहानाला गिळते, म्हणून ती निवडून वेगळी करावी लागतात. हे सारे त्या शेतकऱ्यांनी कोणत्याही शाळेत न जाता जाणले. नीट खाद्य मिळाल्यास वर्षभरात मासा किलोच्या आसपास भरतो, आणि दोन-चार वर्षे राखला तर घरच्या लग्नकार्याला पुरेसा होतो. कचेरीत अडलेले काम जिताडा पोचला की सुटते, अशी त्या भागात थट्टा चालते. या थट्टेवरून त्या माशाची प्रतिष्ठा तर कळतेच, पण शेतकऱ्याची अगतिकताही कळते.

गोव्यातील खाजन जमिनींतही हेच तत्त्व दिसते. तेथे बांधाच्या दाराला मानस म्हणतात. मानशीवरील मासळीच्या हक्काचा लिलाव करून मिळालेला पैसा बांधाच्या कामी लावण्याची चाल तेथे होती. शुक्रवारी व उपवासकाळात मांस वर्ज्य करणाऱ्या ख्रिस्ती घरांतून चोणकाला अगत्याचे स्थान आहे. भात, बांध आणि मासा यांचा हिशेब तेथे एकत्र मांडला जाई.

परंतु खारेपाटातील असो वा खाजनातील, तळ्याच्या जिताड्याला एक मोठी मर्यादा आहे. तो तळ्यात वाढतो, पण तेथे त्याचा वंश वाढत नाही. गोड्या पाण्यात तो अंडी घालीत नाही. दर पावसाळ्यात नवी पिले खाडीतूनच यावी लागतात. म्हणजे तळ्याचे वैभव हे खाडीचे ऋण आहे.

मोठ्या माशाची ओढ सर्वत्र आहे. २ जून १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात माँटगोमेरी नावाच्या सरोवरावर जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा, काळा बास धरला. त्याने तो पोस्टात वजन करून घेतला आणि घरी नेला. मंदीचे दिवस होते. घरच्यांनी तो मासा खाल्ला. तो विक्रम पुढे अनेक दशके टिकला आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. जपानात हा मासा मुळात नव्हताच. १९२५ मध्ये अमेरिकेहून तो मुद्दाम आणला गेला आणि देशी मासळीचा त्याने असा फडशा पाडला की २००५ पासून कायद्याने त्याच्या वाहतुकीवर व सोडण्यावर बंदी घालावी लागली. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० नंतरच्या दशकात जिताड्याचाच जातभाई, नाईल नदीचा लेटस, सोडण्यात आला. त्यामुळे निर्यातीचा धंदा उभा राहिला, परंतु सरोवरातील लहान माशांच्या शेकडो जाती नष्ट झाल्या वा नष्टप्राय झाल्या. परक्या पाण्यात नेलेला शिकारी मासा काय करतो, याचे हे दोन धडे आहेत. जिताडा आपल्या खाडीत परका नाही. त्याच्या बाबतीत संकट उलट्या बाजूने आले आहे. त्याच्याच घराची दारे लागत चालली आहेत.

तापीकडे पाहावे म्हणजे हे ध्यानी येईल. १९५४ मध्ये काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले आणि १९९५ मध्ये सुरतेतच सिंगणपोर येथे बंधारा बांधला गेला. या बांधकामांनी शेतीला पाणी दिले, वीज दिली, लक्षावधी नागरिकांची तहान भागविली. त्यांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. तथापि भरतीचे पाणी आता सिंगणपोरच्या भिंतीशी थांबते. समुद्राकडून वर येऊ पाहणाऱ्या कोणत्याही पिलाला तीच भिंत लागते. खाली हजिरा-मगदल्ल्याच्या बाजूस कारखाने व धक्के वाढले आणि ओलपाड-चोऱ्यासीच्या खाडीकाठी कोळंबीची तळी झाली. रायगडात दुसरीच आपत्ती आहे. तेथे बाहेरचे बांध फुटून कित्येक शेतांत खारे पाणी शिरले व भाताच्या जागी कांदळवन उभे राहिले. एके ठिकाणी दार कायमचे बंद झाले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ते मोडून पडले आहे. उघाडीचे मर्म वेळेवर उघडण्यात आणि वेळेवर मिटण्यात असते. ते दोन्हीकडे विसरले गेले.

यावर विज्ञानाने काही उपाय शोधला आहे. थायलंडमधील सोंगख्ला येथे १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी जिताड्याचे कृत्रिम प्रजनन साधले. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये ते यशस्वी केले. या संस्थेचे एक केंद्र सुरतेच्या शेजारी नवसारीस आहे. उबवणी केंद्रातील बीज मिळू लागल्यामुळे तळ्यासाठी खाडीतील पिले वेचण्याची गरज उणावते, हा लाभ लहान नाही. परंतु हौदात निपजलेले बीज तळे भरू शकेल, खाडी नव्हे. खाडी भरावयाची तर जुन्या, जाणत्या, भारदस्त माद्या मुखाशी सुखरूप पोचल्या पाहिजेत.

म्हणून गळाला लागलेल्या सर्वांत मोठ्या माशाचे काय करावे, हा प्रश्न आता केवळ हौसेचा उरलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ठराविक लांबीपेक्षा लहान आणि ठराविक लांबीपेक्षा मोठा असे दोन्ही बारामुंडी नदीतून धरल्यास परत सोडण्याचा नियम आहे. लहान सोडावा कारण तो वाढावयाचा आहे, आणि मोठा सोडावा कारण ती आई आहे. मधल्या मापाचा मासा घरी न्यावा, शिजवावा आणि समाधानाने खावा. पेरीच्या घरी भूक होती, त्याला कोणी दोष देणार नाही. परंतु जेथे भूक नाही, नुसते छायाचित्र आणि शाबासकी आहे, तेथे हा नियम पाळणे अवघड नसावे. सुरतेने एके काळी मुक्या प्राण्यांसाठी इस्पितळ चालविले आणि खारेपाटाने दाराशी तळे खणून खाडीच्या पाहुण्याला घर दिले. या दोन परंपरांतील शहाणपण एकत्र आले, तर तापीच्या मुखाशी ओहोटीच्या धारेत दबा धरून बसलेला तो चकाकत्या डोळ्यांचा मासा पुढच्या पिढीतील मुलांनाही पाहावयास मिळेल.