मस्तिष्कशोथोत्तर स्मृतिविकार

मस्तिष्कशोथोत्तर स्मृतिविकार : विषाणूंच्या संसर्गामुळे मेंदूच्या ऊतकाला येणाऱ्या दाहयुक्त सुजेस मस्तिष्कशोथ म्हणतात. मूळ ज्वर उतरल्यानंतर स्मरणशक्ती, अवधान, विचारांची सुसंगती व शिकण्याची क्षमता यांत जे दोष मागे उरतात, त्यांना ही संज्ञा देता येईल. ‘ताप मेंदूत गेला’ या लोकरूढ शब्दप्रयोगात या विकाराची स्थूल जाणीव आढळते. तथापि रुग्णाच्या विसराळूपणाचा किंवा बदललेल्या स्वभावाचा दोष पुष्कळदा त्याच्या घराण्याकडे दिला जातो व त्याची झळ भावंडांच्या विवाहसंबंधांनाही पोहोचते. संसर्ग आणि आनुवंशिकता यांपैकी कोणाचा वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे वैद्यकीय तसाच सामाजिकही आहे. त्याचे उत्तर विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने मिळत गेले.

इतिहास : जून १९१८ मध्ये इन्फ्ल्यूएंझाची साथ मुंबई बंदरातून भारतात शिरली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून आलेली दुसरी लाट अतिशय मारक ठरली. देशात किमान १ कोटी २० लाख लोक मृत्युमुखी पडले असावेत, असा अंदाज आहे. सध्याचा धाराशिव जिल्हा (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सु. १ कोटी ३३ लाख ७५ हजार होती. ती १९२१ मध्ये सु. १ कोटी २४ लाख ७२ हजारांवर आली. साथीतून वाचलेल्यांच्या बुद्धीवर व स्मृतीवर काय परिणाम झाला, हे जनगणनेच्या आकड्यांतून कळणे शक्य नव्हते. यूरोपात मात्र त्याच सुमारास हा विषय ऐरणीवर आला. व्हिएन्ना येथील कॉन्स्टँटीन फोन एकोनोमो यांनी १९१७ मध्ये निद्रालू मस्तिष्कशोथाचे वर्णन केले. त्यातून वाचलेल्या अनेक रुग्णांत पुढे कंपवातासारखी लक्षणे उद्भवली व अनेक मुलांच्या वर्तनात कायमचे बदल झाले. या रोगाचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही आणि इन्फ्ल्यूएंझाशी त्याचा संबंधही सिद्ध झालेला नाही. परंतु तीव्र आजार संपल्यावरही मेंदूतील विकार चालू राहू शकतो, हे वैद्यकाने यातून जाणले.

महाराष्ट्रातील संशोधन : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे विषाणू संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९७८ मध्ये त्याचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामांतर झाले. केंद्राने प्रारंभीच केलेल्या रक्तद्रव-पाहणीत नागपूर जिल्ह्यातील (तो त्या वेळी मध्य प्रदेशात होता) काही लोकांच्या रक्तात जपानी मस्तिष्कशोथाच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. भाताच्या खाचरांत वाढणारे क्यूलेक्स डास हा विषाणू डुकरे व पाणपक्षी यांच्याकडून माणसाकडे नेतात. भारतातील पहिले रुग्ण १९५५ मध्ये वेल्लोर भागात ओळखले गेले; १९७३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आणि १९७८ पासून गोरखपूर परिसरात मोठ्या साथी उद्भवल्या. लक्षणे प्रकट झालेल्या रुग्णांपैकी २० ते ३० टक्के दगावतात व वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांत तंत्रिका तंत्राचे, बुद्धीचे वा वर्तनाचे दोष कायम राहतात. मृतांच्या संख्येवरून साथीचे गांभीर्य मोजण्याची पद्धत अपुरी असल्याचे या आकड्यांवरून दिसून येते.

१९६५ मध्ये नागपूर येथे ज्वराच्या साथीचा अभ्यास चालू असताना पुण्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू मिळाला. त्याला चांदीपुरा हे स्थळनाम देण्यात आले. दीर्घकाळ तो फारसा अपायकारक मानला जात नव्हता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील मस्तिष्कशोथाच्या साथीत ३२९ मुले आजारी पडून त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा या विषाणूचे खरे स्वरूप लक्षात आले. याचा प्रसार वालुमाशीमार्फत होतो. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. २०२४ मध्ये गुजरातेत त्याची मोठी साथ पुन्हा उद्भवली.

विकाराची कारणमीमांसा : स्मृतीशी निगडित असलेला अश्वमीन हा भाग मेंदूच्या शंखखंडात आतील बाजूस असतो. ओठांवर जर उठविणारा साधा परिसर्प विषाणू क्वचित मेंदूत शिरल्यास तो प्रामुख्याने याच भागाचा नाश करतो. इंग्लंडमधील संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना १९८५ मध्ये हा आजार झाला. त्यानंतर काही क्षणांपूर्वीची घटनाही त्यांच्या लक्षात राहीनाशी झाली; संगीत वाजविण्याचे कौशल्य मात्र टिकून राहिले. स्मृती एकसंध नसून तिचे प्रकार मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतात, हे अशा रुग्णांवरून स्पष्ट झाले. उपचार न केल्यास या आजारात सु. ७० टक्के रुग्ण दगावत. १९८० नंतरच्या दशकात ॲसायक्लोव्हिर हे औषध उपलब्ध झाल्यावर हे प्रमाण पुष्कळ घटले. तथापि औषध सुरू करण्यास होणारा विलंब स्मृतीला बाधक ठरतो. काही रुग्णांत विषाणू नष्ट झाल्यावर काही आठवड्यांनी शरीरातील प्रतिपिंडे मेंदूतील ग्राहींवरच हल्ला करतात व विकार उलटतो. हा प्रकार योग्य उपचारांनी आटोक्यात येऊ शकत असल्याने तो वेळीच ओळखणे महत्त्वाचे असते.

गोवराचा एक उपद्रव याहून वेगळा आहे. गोवर बरा झाल्यावर विषाणू मेंदूत सुप्त राहतो आणि बहुधा ६ ते १० वर्षांनी अनुतीव्र दृढीकारक सर्वमस्तिष्कशोथ सुरू होतो. मूल अभ्यासात मागे पडू लागते, विसरते, चिडचिडे होते. पुढे अंगाला झटके येतात व अखेर मृत्यू ओढवतो. जे. आर. डॉसन यांनी १९३३ मध्ये या रोगाचे वर्णन केले. १९६९ मध्ये रुग्णांच्या मेंदूतून गोवराचा विषाणू वेगळा करण्यात आला. गोवराच्या दर लाख रुग्णांत सु. ४ ते ११ जणांना हा रोग होतो. दोन वर्षे वयाच्या आत गोवर झालेल्या बालकांना असलेला धोका बराच अधिक असतो. यावर खात्रीचा उपाय नाही. गोवराची लस हाच प्रतिबंध होय.

आनुवंशिकता : एकाच विषाणूचा संसर्ग असंख्यांना होत असता मस्तिष्कशोथ थोड्यांनाच का होतो, या प्रश्नाने संशोधकांचे लक्ष जीनांकडे (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेणाऱ्या घटकांकडे) वळविले. झां-लॉराँ काझानोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ व २००७ मध्ये असे दाखवून दिले की, परिसर्पजन्य मस्तिष्कशोथ झालेल्या काही मुलांत विषाणूची चाहूल घेऊन इंटरफेरॉन निर्माण करणाऱ्या यंत्रणेतील एकच जीन सदोष असतो. यांपैकी काही दोष अप्रभावी असतात, म्हणजे माता व पिता या दोघांकडून सदोष जीन आला तरच ते व्यक्त होतात. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा अनेक जातींत रूढ असल्याची नोंद इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधविषयक अभ्यासात केली आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरीने एक अष्टमांश जीन समाईक असल्याने त्यांच्या विवाहात अप्रभावी दोष व्यक्त होण्याची शक्यता वाढते. तरीही असे दोष अत्यंत विरळ असून ते असलेल्यांपैकी सर्वांनाच आजार होतो असे नाही.

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाबाबत अपोलिपोप्रोटीन ई या प्रथिनाच्या जीनाचे महत्त्व १९९३ मध्ये स्पष्ट झाले. त्याच्या ‘ई-४’ या प्रकाराने आल्त्सहायमर रोगाची शक्यता वाढते. हा प्रकार असलेल्यांच्या मेंदूत परिसर्प विषाणूही असेल, तर धोका आणखी वाढतो, असे मत रूथ इट्झाकी यांनी १९९७ मध्ये मांडले. त्याविषयी मतभेद आहेत. हरयाणातील बल्लभगड येथील ग्रामीण पाहणीत ‘ई-४’ चे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या अमेरिकन जनसमूहापेक्षा कमी आढळले. वेल्समधील जन्मतारखेनुसार झालेल्या नागीण-लसीकरणाच्या अभ्यासात (२०२५) लस घेतलेल्यांत पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सु. एक पंचमांशाने कमी आढळले. वारसा बदलता येत नसला, तरी संसर्ग टाळता येतो, हा या निष्कर्षाचा मथितार्थ होय.

कोव्हिड-१९ नंतर हा विषय पुन्हा पुढे आला. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये पुणे येथे आढळले. ब्रिटनमध्ये ७८५ व्यक्तींच्या मेंदूंची साथीपूर्वी व नंतर प्रतिमाचित्रे घेण्यात आली. त्यांपैकी संसर्ग झालेल्या ४०१ जणांत गंध व स्मृतीशी संबंधित भागांची किंचित अधिक झीज आढळली (२०२२). बहुसंख्यांत हे बदल सौम्य असतात. दीर्घकालीन कोव्हिडशी ‘फॉक्स-पी-४’ या जीनाचा संबंध २०२५ मध्ये दाखविण्यात आला. तो मुख्यतः फुप्फुसांच्या कार्याशी निगडित असून केवळ स्मृतिदोषाचा असा निश्चित जीन सापडलेला नाही.

प्रतिबंध : बालाघाटच्या पठारावरील धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेत असून ज्वारी, तूर व हरभरा ही त्याची मुख्य पिके आहेत, भातखाचरांचा अभाव असल्याने जपानी मस्तिष्कशोथास अनुकूल असा हा प्रदेश नाही. येथील प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. भूम, परांडा, वाशी, कळंब इ. तालुक्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या प्रदेशात जातात व वसंत ऋतूत परततात. गोवराच्या लसीची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर व दुसरी सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांत द्यावयाची असते. हे महिने फडावरच्या कोप्यांत गेल्यास मात्रा चुकण्याचा संभव असतो आणि दाटीच्या वस्तीत गोवर लवकर पसरतो. गोवराची लस १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात असून दुसऱ्या मात्रेस २०१० मध्ये प्रारंभ झाला. तरीही २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराच्या साथी उद्भवल्या. फडावर हुकलेल्या मात्रेची किंमत मूल शाळेत जाऊ लागल्यावर, कित्येक वर्षांनी दिसू शकते. त्या वेळी ताप कोणाच्या स्मरणात राहिलेला नसतो, म्हणून दोष पुन्हा घराण्याकडेच जातो. स्थलांतराच्या ठिकाणी लसीकरण, ज्वरासह झटके वा बेशुद्धी आल्यास त्वरित रुग्णालयीन उपचार आणि बऱ्या झालेल्या मुलाच्या अभ्यासावर काही वर्षे लक्ष, हे यावरील प्रमुख उपाय होत. ज्यांची स्मृती उणावली आहे, त्यांना ठरावीक दिनक्रम, लेखी टिपणे व कुटुंबीयांचा धीर यांच्या साहाय्याने पुष्कळसे स्वावलंबी जीवन जगता येते.