कामरेज चार रस्त्याचं टेबल

श्रावण लागला की आमच्या सुरतेकडे सातम-आठमचा जुगार सुरू होतो. घरोघरी तीनपत्ती, आणि पेपरात रोज पोलिसांच्या धाडी. त्या बातम्या वाचल्या की मला पत्ते आठवत नाहीत. मला कामरेज चार रस्त्याजवळच्या एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावरचं पूल टेबल आठवतं. साल 2004. आज त्याबद्दल लिहितो, कारण आपल्या लोकांनी या खेळाचा इतिहास कुठे लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि माझी लाज आता जुनी झाली आहे.

आधी घरचं सांगतो, त्याशिवाय कळणार नाही. वडील शिरपूरकडून ऊसतोडीला या पट्ट्यात आले. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत कोयता चालवायचा, फिटली नाही की पुढच्या हंगामाला परत यायचं. आपल्या खानदेशातल्या किती घरांची ही गोष्ट आहे! पुढे त्यांना साखर कारखान्यात काम लागलं, आम्ही कामरेजलाच राहिलो. त्या दिवसापासून घरात एकच कायदा होता: उचल घ्यायची नाही. कुणाकडूनच नाही.

मी रिंग रोडच्या कापड मार्केटात पार्सलं बांधायचो. संध्याकाळी परतताना त्या पहिल्या मजल्यावर जायचो. चाळीत कॅरम चांगला खेळायचो, त्यामुळे कोन लगेच कळले आणि डोक्यात हवा गेली. तिथला रिवाज सोपा होता. टेबलचं भाडं तासावर, आणि ते हरणाऱ्यानं भरायचं. पैसे लावून खेळणाऱ्यांची रक्कम काउंटरवरच्या पोराकडे जमा. पोलिसांची भीती नाही का विचारलं तर तो म्हणायचा, "आ तो स्किल नी गेम छे." अर्धवट का होईना, त्याला कायदा ठाऊक होता. मुंबई इलाख्याचा 1887 चा जुगारबंदीचा कायदाच गुजरातेत चालत आला आहे, आणि निव्वळ कौशल्याचा खेळ त्यातून वगळलेला आहे. खेळ वगळला म्हणून त्यावर लावलेले पैसे आणि टेबलवाल्याचा धंदाही वगळला जातो का, हा वेगळा वाद. तो त्या पोरानं कधी काढला नाही.

हे काउंटरवर जमा करणं, भाडं घेणं आपल्याला नवीन वाटतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. जुगार त्यानं नेमलेल्या एकाच जागी खेळायचा, दुसरीकडे खेळला तर 12 पण दंड. फासे त्याच्याकडूनच भाड्यानं घ्यायचे, बदलले तर दंड. जिंकलेल्या रकमेतले शंभराला पाच त्याचे, शिवाय पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे! आमच्या कॉम्प्लेक्सवाल्यानं अर्थशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण पाण्याची बाटली तोही छापील किमतीवर दोन रुपये चढवून विकायचा.

आणि पूल हा शब्दच मुळात पैशाचा आहे. खेळणाऱ्यांनी मध्ये टाकलेली रक्कम म्हणजे पूल. इंग्रजांच्या क्लबात 'लाइफ पूल' चालायचा: प्रत्येकाचा एक चेंडू, तीन जीव, जीव गेला की पैसे द्यायचे. त्यातूनच 1875 साली जबलपूरला नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं रंगीत चेंडू वाढवून नवा खेळ केला. सोपा चेंडू चुकलेल्या एका सोबत्याला तो 'स्नूकर' म्हणाला, म्हणजे लष्करी शाळेतला नवशिका पोरगा. तेच नाव खेळाला पडलं. माझ्यासारख्यांवरून अख्ख्या खेळाचं नाव ठेवलंय म्हणायचं.

या क्लबांतून एक खास माणूस तयार झाला, मार्कर. गुण मांडायचे, चेंडू लावायचे, आणि जोडीदार नसेल तर साहेबाशी खेळायचं. दिवसभर टेबलापाशी राहून हे लोक साहेबांपेक्षा भारी खेळायला लागले नाहीत तरच नवल. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्याला बिलियर्ड्‌सचे जागतिक हौशी विजेते झाले. कुठल्याही खेळातले ते भारताचे पहिले जगज्जेते. मोठी नावं अशी नोंदली गेली, मार्करांची नावं कुणी लिहिली नाहीत.

माझ्यासमोर उभा राहिला तो असाच एका क्लबातला जुना मार्कर. पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. मराठी ऐकून म्हणाला, "भाऊ, दोनशेचा एक गेम?" माझ्या खिशात बहिणीच्या बारावीच्या क्लासची फी होती, 3,000. आईनं सकाळी भरायला दिलेली. पहिला गेम मी जिंकलो, दुसराही. मग पाचशे, मग हजार. रात्री साडेनऊला खिसा रिकामा. हरणारा मी, म्हणून टेबलचं भाडंही माझ्यावर. तेवढं मात्र त्यानं न बोलता भरलं.

मी म्हणालो, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं." तो चहा मागवत म्हणाला, "तू विचारलंस का? विचारलं असतंस तर खोटं नसतो बोललो. आपल्यापेक्षा वरचा दिसला तर आधी सूट मागायची, पाचातले दोन गेम दे म्हणायचं. खेळ सुरू झाल्यावर मागता येत नाही." पैसे परत देण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तिथे ते धरून नव्हतं.

महाभारतात हाच घोळ आहे. पण दुर्योधन लावणार आणि फासे शकुनी टाकणार, हे ऐकल्यावर धर्मराजानं निदान हरकत तरी घेतली. एकासाठी दुसऱ्यानं खेळणं बरोबर नाही, म्हणाला. आणि तरी बसला! पुढे वनवासात बृहदश्व ऋषींकडून अक्षविद्या शिकला, म्हणजे शिकवणी हरल्यानंतर लावली. मला त्याचा राग यायचा लहानपणी. आता येत नाही.

घरी आईनं विचारलं, "पैसा भर्‍यात का रे भाऊ?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मार्केटात शेठकडून तीन हजार घेतले, पगारातून दर महिन्याला पाचशे कापायच्या बोलीवर. फी भरली. महिनाअखेरीला पगार कमी आला आणि सगळं उघडं पडलं. मला वाटलं, वडील जुगारावरून मारतील. त्यांनी जुगाराचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "उचल घेतली?"

दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. बहीण आज सुरतेत नर्स आहे. क्लासच्या फीची ती पावती तिच्या फायलीत अजून आहे. भरायला दिल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख आहे तिच्यावर.