पिरोजा

निळसर हिरव्या रंगाचे अपारदर्शक रत्न. पेरोज, फिरोजा ही त्याची अन्य रूपे. मूळ शब्द फार्सी. ‘पेरोज’ म्हणजे विजयी. अरबी लिपीत ‘प’ नसल्याने त्याचा ‘फ’ झाला आणि फिरोज हे रूप रूढ झाले. सासानी सम्राट पेरोज आणि दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक यांच्या नावांत हाच विजय आहे. मुंबईचे सर फिरोजशाह मेहता (१८४५–१९१५) यांच्याही.

युरोपीय भाषांनी मात्र खड्याला भलत्याच गावचा केला. इराणातील निशापूरच्या खाणींतला हा माल तुर्की व्यापाराच्या वाटेने तिकडे पोचला, म्हणून फ्रेंचांनी त्याला ‘तुर्की दगड’ म्हटले. त्यातूनच इंग्रजीतले टर्क्वॉइज आले.

रासायनिकदृष्ट्या पिरोजा हे तांबे व ॲल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट होय. निळाई तांब्याची, लोहाचा अंश वाढला की हिरवी छटा येते. मोह्स मापनात कठिनता ५ ते ६, म्हणजे तशी बेताचीच. दगड सच्छिद्र असल्याने तेल, घाम, अत्तर शोषतो आणि त्याचा रंग बदलतो. रंगवलेला पांढरा हाउलाइट पिरोजा म्हणून सर्रास विकला जातो.

प्राचीन इजिप्शियनांनी सिनाईतील सेराबित अल् खादिम येथे त्याच्या खाणी खणल्या. तेथील हाथोर देवी ‘पिरोजाची स्वामिनी’ म्हणवली जाई. तिबेटी आणि अमेरिकेतील आदिवासी नवाहोंच्या दागिन्यांतही तो मानाचा.

मराठीत खड्यापेक्षा रंगच जास्त बोलला जातो: पिरोजी किंवा फिरोजी साडी.